आधी गोळा, मग देव

मी दात करते. राजारामपुरीतल्या एका डेंटल लॅबमध्ये बसून, कॉम्प्युटरवर. डॉक्टरांकडून रुग्णाच्या जबड्याचं स्कॅन येतं, त्यात जी दाढ उरलेली नसते ती मी पडद्यावर पेननं घडवते, आणि शेजारच्या खोलीतलं मशीन ती छापून देतं. त्याआधी मी शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवत होते. तास बंद झाले आणि चाळिशी उलटल्यावर मी हे शिकले. सासूबाई आल्यागेल्याला मी दातांची डॉक्टर आहे असं सांगतात आणि मी ते खोडून काढत नाही. त्याची शिक्षा म्हणून भावकीत कुणाची दाढ ठणकली की पहिला फोन मला येतो.

दातांमुळेच शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांना माझा पत्ता लागला. पडद्यावर शिल्प घडवायचं सॉफ्टवेअर शिकवणारा नवा वर्ग त्यांना काढायचा होता. शिकवायला त्यांच्याकडे माणसं होती, पण नवशिक्यानं आधी काय शिकायचं, मग काय, नंतर काय, हा क्रम आखून द्यायला कुणी नव्हतं. "मॅडम, तुम्ही शिक्षिका होता, शिवाय प्रत्यक्ष काम करता, तुमच्याशिवाय कोण?" असं ते म्हणाले. मला असं कुणी म्हटलं की मी फुगते. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की कोल्हापुरात पहिल्यांदाच असा अभ्यासक्रम होतोय आणि तो मी करतेय. तो म्हणाला, दूध उतू चाललंय.

पण खरंच जीव ओतला मी त्यात. हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की माणसाची अवस्था नव्या नवरीसारखी होते. सासरचं स्वयंपाकघर, फळीवर शेकडो डबे, एकावरही चिठ्ठी नाही, आणि बाहेर पाच माणसं चहाची वाट बघतायत. म्हणून मी ठरवलं की सुरुवातीला तीनच ब्रश द्यायचे. एक माती चढवणारा, एक खोदणारा, एक गुळगुळीत करणारा. बाकी डब्यांना हात लावायचा नाही. पहिली वस्तू कुठली द्यायची याचा मी बरेच दिवस विचार केला आणि आल्यावर येऊन थांबले. आल्याचा तुकडा. तो प्रत्येकाच्या घरात असतो, हातात धरून फिरवून बघता येतो, आणि मुख्य म्हणजे चुकत नाही. कसाही झाला तरी आल्यासारखाच दिसतो. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात जमल्यासारखं वाटलं पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या आठवड्यात येत नाही. आल्यानंतर लसणाचा गड्डा, मग शंख, मग हात, आणि चेहरा अगदी शेवटी.

आणि एक गोष्ट मी तांबड्या शाईनं लिहिली होती. दर आठवड्याला केलेली वस्तू पडद्याबाहेर काढायची. छापून घ्यायची, मातीत दाबून बघायची, हातात घ्यायची. कारण पडद्यावर सगळंच छान दिसतं. मी केलेली दाढ पडद्यावर देखणी असते, आणि रुग्ण तोंड मिटतो तेव्हा कळतं की ती शेजारणीच्या उरावर बसलीय.

सरांनी आराखडा वाचला आणि खूप आवडल्याचं सांगितलं. मग छापील पत्रक हातात आलं, वर माझं नाव. त्यात आलं नव्हतं, लसूण नव्हता. पहिला टप्पा गोळा, दुसरा टप्पा राक्षसाचं डोकं, तिसरा टप्पा ड्रॅगन. वस्तू पडद्याबाहेर काढायचा भाग तर मुळापासून उपटलेला. मी विचारलं तर ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मॅडम, आल्याचं पोस्टर लावलं तर बघायला कोण येणार?" छपाईबद्दल म्हणाले की मशीन अडकून पडतं आणि बॅच लांबते, पोरांना फटाफट काहीतरी दाखवायला हवं असतं.

मी सडेतोड उत्तर दिलं. फार मुद्देसूद बोलले, एक शब्द वाया घालवला नाही. फक्त ते सगळं जिन्यात बोलले, उतरताना, एकटी. वर सरांसमोर मी "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं" एवढंच म्हणून चहा पिऊन आले होते.

गोष्ट तिथंच राहिली असती तर मी आज इतकी चिडून लिहीत बसले नसते. पण त्या वर्गात माझी धाकटी जाऊ गेली.

तिचं माहेर हुपरी, चांदीचं गाव. तिचे वडील, ज्यांना ती आण्णा म्हणते, टाकाचे ठसे कोरतात. टाक म्हणजे देव्हाऱ्यातल्या कुलदैवताचा चांदीचा छोटा पत्रा, देव त्यावर उठावानं असतो. तो उठाव यावा म्हणून पोलादात खोलगट ठसा कोरावा लागतो. ठशावर पत्रा ठेवून वरून शिसं ठोकलं की देव वर येतो. ठशात सगळं उलट असतं, खोल ते वर येतं आणि डावं ते उजवं होतं. आण्णांनी आयुष्यभर असं उलटं कोरलं. जाऊ लहानपणापासून त्यांना पेन्सिलीनं आखणी करून द्यायची, तीही उलटीच. आता आण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, फरक पडला नाही. समोरचं माणूस दिसतं, पण कोरणीच्या टोकाखालची रेघ दिसत नाही.

त्यांना काम देणारे हुपरीचे शेठ वाईट माणूस नव्हेत. त्यांनी बरेच महिने कळ काढली. शेवटी सांगितलं की आता सगळीकडे कॉम्प्युटरवर घडवून मशीननं ठसा कापतात, राजकोटला फाईल पाठवली की काम होतं. आण्णांच्या घरातलं कुणी हे शिकलं तर काम त्याच घरात राहील, नाहीतर जाईल. घरात दुसरं कुणी नव्हतंच. भाऊ नाही. जाऊ म्हणाली, मी शिकते. आण्णा तिच्यावर ओरडले, तिची आई रडली. दिरानं मात्र मुकाट्यानं तिला गाडीवरून क्लासला सोडायला सुरुवात केली. तो वर्ग अक्कानं आखलाय, असं ती सगळ्यांना अभिमानानं सांगत होती. अक्का म्हणजे मी. आराखडा बदललाय हे मी तिला सांगितलं नाही.

तिथं तिनं गोळा केला. गोळ्याला खड्डे पाडले, गोळा पुन्हा गुळगुळीत केला. मग राक्षसाचं डोकं आलं. त्यासाठी सरांच्या माणसानं एक सोय दाखवली. अर्धं तोंड केलं की उरलेलं अर्धं सॉफ्टवेअर आपोआप करतं, एक शिंग काढलं की दुसरं उगवतं. वर्गातली पोरं खूश झाली. ही घरी येऊन भाजी चिरता चिरता धुमसत म्हणाली की देवाच्या एका हातात तलवार असते आणि दुसऱ्यात लगाम, त्याला हे आपोआप काय कामाचं? रविवारी माहेरी गेल्यावर आण्णांनी विचारलं, काय शिकलीस. तिनं मोबाईलवर राक्षस दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्याला चिकटवून, मग लांब धरून तो पाहिला आणि विचारलं, "राक्षसाचा टाक कोण मागतंय गं आपल्याकडं?"

ड्रॅगनपर्यंत ती पोचली नाही. त्याआधीच शेठनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मलकापूरकडच्या एका कुटुंबाचा जोतिबाचा टाक होता, घोड्यावर बसलेला. रोज घासून घासून त्याचे नाकडोळे सपाट झालेले. शेठ म्हणाले, हा नवा करून दाखव. जमला तर काम तुमचं.

ती माझ्याच कॉम्प्युटरवर बसून करायची, दुपारची, मी लॅबमधून जेवायला आले की. काय हात होता तिचा! घोड्याची मान अशी वळवली होती की तो आत्ता फुरफुरेल असं वाटावं. झालं तेव्हा तिनं मला बोलावलं, अक्का, एकदा बघा. मी चष्मा लावला आणि अगदी बारकाईनं घोड्याचे दात बघितले. पुढचे दात किंचित आखूड वाटले, ते मी तिला दुरुस्त करायला लावले. देवाकडे माझं लक्षही गेलं नाही. माणसाला धंद्याची सवय लागते ती अशी.

उद्यमनगरातल्या मशीनवाल्याकडे फाईल गेली. पडद्यावर जो उठाव दिसतो त्याचा उलटा खोलगट ठसा तो आपसूक कापून देतो, म्हणजे चांदीत शेवटी पडद्यावर होतं तेच उमटतं. ठसा आला, हुपरीत पत्रा ठोकला गेला आणि शेठनी आम्हाला पेढीवर बोलावलं. मीही गेले. कौतुक ऐकायला माणसानं हजर असावं म्हणून.

मलकापूरच्या घरातली म्हातारी स्वतः आली होती. शेठनी टाक तिच्या तळहातावर ठेवला. ती बघत राहिली. मग तिनं आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा टाकाकडे पाहिलं, आणि टाक गादीवरून शेठकडे सरकवला.

"ह्यो आमचा देव न्हाय," ती म्हणाली. "आमचा देव डावखुरा न्हाय."

तलवार डाव्या हातात होती. घोडाही उलट्या दिशेला निघालेला. माझ्या जावेनं जन्मभर ठसे पाहिले होते, टाक नव्हे. तिच्या डोळ्यांना देव दिसतो तोच मुळी ठशातला. पेन हातात आल्यावर तिनं समोरच्या झिजलेल्या टाकाकडे न बघता मनातला देव काढला, आणि मशीननं इमानेइतबारे तोच चांदीत उतरवला. एकदा, फक्त एकदा, मधे कुठंतरी तो मेणात किंवा मातीत दाबून हातात घेतला असता तर तिला क्षणात कळलं असतं.

शेठनी टाक कागदात गुंडाळला. मग खाली बघून जावेला म्हणाले, "ताई, चुकलं तुमचं. आण्णांसाठी थांबलोतो मी. आता न्हाय थांबता यायचं."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर म्हणाली, गप बसा अक्का. कोल्हापूर येईपर्यंत मी गप बसले, आणि माझ्या डोक्यात काय शिजत होतं ते मला ठाऊक.

स्टँडवर उतरून मी तडक क्लासवर गेले. या वेळी जिना चढताना बोलले नाही, सगळं वरसाठी ठेवलं. सरांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि हसून म्हणाले, "बिगिनर मिस्टेक आहे मॅडम. आरसा फिरवायचं बटण असतं की. पुढच्या कोर्सला आहे ते."

पुढच्या कोर्सला! त्या हसण्यानं माझं टाळकं फिरलं. शेजारच्या खोलीत बॅच चालू होती, पोरं ड्रॅगनला खवले लावत होती, ती थांबली. शाळेत शिपायालासुद्धा मी कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी माझा आवाज खाली रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला, हे त्यानंच मला नंतर आदरानं सांगितलं.

"तुमच्याकडं शिकायला येतं त्याला नंतर काय करायचंय, हे तुम्ही एकदा तरी विचारता का?" मी म्हणाले. "तुम्ही पोस्टर बघता. तिकडं एका घरातलं काम गेलं, सर. बटणाचं काय सांगता मला?"

ते म्हणाले की प्रत्येकाच्या घरचं बघून अभ्यासक्रम करता येत नाही. हे बोलताना त्यांना जराही खोटं वाटत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. वाईट माणसाशी भांडता येतं. ज्याला आपण काही काढून टाकलं हेच आठवत नाही, त्याच्याशी काय भांडणार? पत्रकावरचं माझं नाव खोडा, एवढं सांगून मी उतरले. दारातून पोरांना 'चालू द्या तुमचं' असंही म्हणून आले. म्हणजे शौर्य तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मी कागद घेऊन बसले. ठरवलं, जावेसाठी आता नीट क्रम आखायचा, कुणाचा हात लागू द्यायचा नाही. शिक्षिकेचं रक्त, दुसरं काय! तिला काय काय येत नाही ते आधी मांडावं म्हणून मी लिहायला लागले. दिशेचं भान, उजवं-डावं, उठावाचा अंदाज. ती कणीक मळत होती. मळता मळता वाकून तिनं वाचलं आणि पिठाच्या हातानं कागद ओढून घेतला.

"सगळी मिळून मला काय येत न्हाय त्येच लिवताय," ती म्हणाली. "सरबी तेच, तुमीबी तेच. काय येतंय ते इचारलंय का कुणी?"

मी म्हटलं, बरं बाई, सांग. काय येतं?

"उलटं येतंय मला! जन्मापासनं येतंय. ते इसरून सुलटं शिक म्हणताय, आन् मग मशीन त्येला परत उलटं करणार. मग मी सुलटं करू कशाला?"

आणि तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, हळू. पण मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण माझ्या दातांच्या कामात असली गरजच कधी पडली नव्हती. दात नेहमी बाहेर उगवतो. पण सॉफ्टवेअरला काय त्याचं? चढवणारा ब्रश एक कळ दाबून धरली की खोदायला लागतो. तिनं देव घडवायचाच नाही. तिनं सरळ ठसाच कोरायचा, आत, खोल, आण्णांसारखा, आणि मशीनवाल्याला सांगायचं की जसं आहे तसं काप.

मग आम्ही दोघींनी मिळून क्रम लावला, तोही भांडत. सुरुवात गोळ्यानं नाही, सपाट पाटीनं. पाटीत पहिल्यांदा खड्डा, आल्याच्या आकाराचा. उजेड खालून पडल्यासारखा ठेवायचा, कारण आण्णांच्या बुटक्या खिडकीतून ठशावर तसा पडायचा आणि तिचा डोळा त्याच उजेडाला सरावलेला. हा मुद्दा मला मूर्खपणाचा वाटला होता, मी तसं म्हणालेही. तिनं पडद्यावरचा उजेड फिरवला आणि तिचा हात लगेच वेगानं चालायला लागला, तेव्हा मी चहा करायला उठले. आल्यानंतर घोड्याचा एक पाय, मग चारी. लगाम. बोटं. चेहरा शेवटी, हे मात्र माझं राहिलं. आणि प्रत्येक वेळी बाहेर काढायचं, हेही माझं.

बाहेर काढायला आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी मशीन वापरू दिलं. फक्त आम्ही जायचो त्या दिवशी त्यात हिरड्या छापायचा माल भरलेला असायचा, त्यामुळे आमचे सगळे ठसे हिरड्यांसारखे गुलाबी निघाले. ती ते घरी आणून कणकेत दाबायची. पहिल्यांदा अख्खा देव नीट उमटला तो एका सकाळी, डब्याच्या घाईत. तलवार उजव्या हातात. तिनं परात माझ्यापुढं सरकवली. पंचाईत सासूबाईंची झाली, कारण त्या कणकेची पोळी लाटायची कशी? त्यांनी तो गोळा उचलून देव्हाऱ्यात ठेवला आणि दिराला त्या दिवशी दोन पोळ्या कमी मिळाल्या.

शेठकडे पुन्हा संधी मागायला ती गेली नाही. मी म्हटलं फोन तरी कर, तर म्हणाली मागितली तर न्हाय म्हणायला त्यांला सोपं पडंल. तिनं पोलादी ठसा कापून घेतला, हुपरीला आण्णांच्या घरी पत्रा ठोकून घेतला आणि टाक नुसता पेढीवर ठेवून आली. मलकापूरच्या कुटुंबाचं काम अजून दुसरीकडून झालं नव्हतं. शेठनी म्हातारीला बोलावलं; तिनं तो टाक अंगठ्यानं चाचपला, पदराच्या गाठीत बांधला आणि मुलाला म्हणाली, चल. हे आम्हाला नंतर पेढीवरच्या माणसाकडून कळलं.

त्या रविवारी आम्ही हुपरीला होतो तेव्हा शेठ स्वतः आण्णांच्या घरी आले. हातात कागदात गुंडाळलेला आणखी एक झिजलेला टाक होता. ते आण्णांसमोर बसले, तब्येत विचारली, पावसाबद्दल बोलले, आणि तो टाक आण्णांच्या पुढं धरला. म्हणाले, काम पहिल्यासारखंच तुमच्या नावावर चालू ठेवू, लेक करू दे मागं बसून. गिऱ्हाइकाला आण्णांचं नाव माहीत आहे, उगीच कशाला घोळ.

आण्णांनी हात पुढं केला, पण अंदाज चुकला आणि तो टाकाच्या शेजारी गेला. शेठ टाक त्यांच्या बोटांकडे सरकवायला लागले. तेवढ्यात जाऊ आतून आली, पाण्याचा तांब्या तिनं जमिनीवर जरा आपटूनच ठेवला.

"चुकलं तवा कुणाचं चुकलं म्हणालता शेठ?" तिनं विचारलं.

शेठ म्हणाले, तसं नव्हं ताई.

"तवा माझं चुकलं म्हणालता. मग जमलं तेबी माझं. काम द्यायचं तर माझ्या हातात द्या, नाव माझं सांगा. न्हायतर राजकोटला पाठवा."

तिची आई दारातच थबकली. मला वाटलं, झालं, गेलं हातचं. माझ्या तोंडावर आलंच होतं की अगं, काम तर राहतंय ना घरात, नावाचं काय एवढं, आणि त्याच क्षणी त्या पत्रकावरून माझं नाव खोडा म्हणून मी किती आरडाओरडा केला होता हे आठवून मी पाणी प्यायले. शेठनी आण्णांकडे बघितलं. आण्णा भिंतीकडे बघत होते, कुणाकडेच नाही. त्यांना हे आवडलेलं नव्हतं. आयुष्यभराचं नाव, ते असं भर दुपारी सुटतं तेव्हा कुणाला आवडेल?

"द्या तिच्याकडं," शेवटी ते म्हणाले. "आन् उशीर झाला तर शिव्याबी तिलाच घाला. मला न्हाय."

शेठ हसले. ती हसली नाही. तिनं कागद उलगडला, टाक तळहातावर घेतला, खिडकीशी गेली आणि तो उजेडात फिरवून घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघायला लागली.